गोळीने मन सावरलं, पण शरीर गप्प झालंय

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

'ताई, मला अहो-जाहो नको, मी ३४ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात शाळेत शिकवते, सहा वर्षांची मुलगी आहे, घरात सासूबाई असतात. गेल्या वर्षी मला डिप्रेशन आलं. सकाळी उठवायचं नाही, वर्गात फळ्याकडे तोंड करून रडायचे, मरून जावं असंही वाटायचं. नवऱ्यानेच सायकिअॅट्रिस्टकडे नेलं. एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी चालू झाली, आधी १० मिलिग्रॅम मग २०, रात्री एक छोटी क्लोनाझेपाम, आणि पित्त फार होतं म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल दिलीय ती चालूच आहे. आता चार-पाच महिने मी खरंच बरी आहे. पण मला इच्छाच होत नाही. नवरा जवळ आला की खाली काही जाणवत नाही, बधिर असल्यासारखं, कोरडं, आणि शेवटचं जे व्हायचं ते तर होतच नाही. मी नाटक करते. परवा तो म्हणाला, तुझं माझ्यावरचं मन उडालंय. डॉक्टरांना एकदा चाचरत विचारलं तर म्हणाले, एक मूल आहे ना, मग आता तब्येतीकडे बघा. म्हणून मीच शुक्रवार-शनिवार गोळी घेत नाही, गुपचूप. पण रविवारी डोकं गरगरतं, चिडचिड होते, रडू येतं, वाटतं आजार परत आला. नवऱ्याने बायकांसाठीचं एक आयुर्वेदिक चूर्ण ऑनलाइन मागवलंय ते घेऊ का? गोळ्या बंद करू का? मी कायमची अशीच राहणार का? आणि नवऱ्याला काय सांगू?'

अगं, आधी तुझ्या रविवारचं बोलू, बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल पण हे नाही. एस्सिटालोप्राम शरीरातून निम्मी व्हायला साधारण ३० तास लागतात, म्हणजे दोन दिवस गोळी चुकवलीस तरी तिसरा हिस्सा आत असतोच, आणि जो साइड इफेक्ट घालवायला तू ती चुकवतेयस तो इतक्या थोड्या वेळात नीट जात नाही. पण मेंदूला रोजच्या डोसची सवय झालेली असते, तो एकदम खाली आला की गरगरणं, मळमळ, डोक्यात करंट गेल्यासारखा झटका, विचित्र स्वप्नं, उगाच रडू येणं, हे सगळं होऊ शकतं. म्हणजे तू ज्याला 'आजार परत आला' म्हणतेयस तो बहुतेक आजार नाहीचे, ती चुकवलेली गोळी आहे, आणि त्या चिडचिडीतच रविवारी नवऱ्याशी वाजतं, बरोबर? ज्या दिवसासाठी सगळा खटाटोप केला तोच दिवस वाया. वर असं दर आठवड्याला वर-खाली करत राहिलीस तर खरा आजार उलटायचा धोका आहेच. तेव्हा आजपासून गोळी रोज, ठरलेल्या वेळी. आधीच्या चुकल्या म्हणून आज दोन घ्यायच्या नाहीत.

ही 'वीकेंडला सुट्टी'ची आयडिया तुला कुठून मिळाली माहीत नाही पण ती कुणी हवेत सोडलेली नाहीये, १९९५ च्या सुमारास त्यावर अभ्यास झाला होता. तुझ्या गोळीच्याच जातीच्या सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसला, फ्लुऑक्सेटिनवाल्यांना दिसला नाही कारण ते औषध शरीरात फार दिवस रेंगाळतं. पण तो डॉक्टरांच्या नजरेखाली केलेला प्रयोग होता, आणि आता बहुतेक सायकिअॅट्रिस्ट हा मार्ग सुचवत नाहीत, कारण एकदा सुट्टीची सवय लागली की माणूस हळूहळू गोळी सोडूनच देतो.

गोळ्या बंद करू का याचंही उत्तर इथेच देते. स्वतःहून नाही. पहिल्यांदाच डिप्रेशन आलेलं असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, तू अजून चार-पाच महिन्यांवर आहेस आणि तुझ्या आजारात मरणाचे विचार होते, त्यामुळे घाई तुला परवडणारी नाही. ते विचार परत आले तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, नाहीतर टेलिमानसला १४४१६ वर फोन करायचा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालू असतो आणि मराठीत बोलतात.

पण 'बंद करायची नाही' याचा अर्थ 'सहन करत बस' असा नाही हं, आणि खरं सांगायचं तर तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते डॉक्टरांचं वाक्य. एक मूल आहे ना. म्हणजे काय? बाईचं सुख मूल होईपर्यंतच लागतं का, नंतर ते दुकान बंद? हेच एखाद्या ३४ वर्षांच्या पुरुषाने सांगितलं असतं तर लगेच पॅड ओढून दुसरी गोळी लिहिली असती. चिडतेय मी, कळतंय मला, पण हे अनेकींकडून ऐकलेलं आहे. र. धों. कर्व्यांनी वाचकांच्या असल्या प्रश्नांना मासिकातून सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला होता, १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले होते. आज खटला होत नाही पण बाईने चाचरत विचारलं तर तिला गप्प बसवणं मात्र चालूच आहे.

आता शरीरात काय होतंय ते. या गोळ्या मेंदूत सेरोटोनिन वाढवतात, त्याने मूड सावरतो, भीती कमी होते. पण तेच सेरोटोनिन लैंगिक बाबतीत ब्रेकसारखं काम करतं, इच्छा आणि मजा चालवणाऱ्या डोपामिनला दाबतं, मज्जारज्जूतून जाणारे संदेशही मंद करतं. त्यामुळे इच्छा कमी, ओलावा कमी, स्पर्श बोथट, आणि ऑरगॅझम एकतर खूप उशिरा किंवा येतच नाही. हे 'मनाचं' नाहीये हे पटत नसेल तर एक गंमत सांगते, ज्या पुरुषांचं फार लवकर होतं त्यांना डॉक्टर जे डॅपॉक्सेटिन देतात ते याच जातीचं औषध आहे, म्हणजे जो परिणाम तुला छळतोय त्याच परिणामासाठी दुसरे लोक पैसे देऊन ती गोळी विकत घेतात. यात प्रेम उडालं, संस्कार बिघडले, वय झालं असलं काही नाही.

आणि तू एकटीही नाहीस. स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९९७ साली अशा गोळ्या घेणाऱ्या ३४४ पेशंटचा अभ्यास छापला होता, त्यात आपणहून तक्रार करणारे १४ टक्के होते आणि डॉक्टरांनी तोंडावर थेट विचारल्यावर हो म्हणणारे ५८ टक्के. मधले जे सगळे लोक आहेत ते गप्प बसून होते. तिथे ही गत, आपल्याकडे तर सासूबाई बाहेर बाकड्यावर बसलेल्या, केबिनमध्ये नवरा शेजारच्या खुर्चीत, आणि पुढचा पेशंट दार ढकलून आत डोकावतोय. कोण बोलणार.

तरी सगळं खापर एकाच गोळीवर फोडू नकोस, थोडा तपास करू. डिप्रेशन स्वतःच इच्छा मारतं, म्हणून नीट आठवून बघ की आजारपणाच्या आधी सगळं ठीक होतं का, आजारात गोळी सुरू व्हायच्या आधी काय होतं, आणि हा बधिरपणा नेमका कधी आला, १० वर असताना की २० केल्यावर. निव्वळ डिप्रेशनमध्ये इच्छा जाते पण खालचा स्पर्शच बोथट होणं आणि मूड छान असूनही शेवटपर्यंत न पोचणं हे गोळीकडे जास्त बोट दाखवतं. तरी तारखा हव्यात, डॉक्टरला अंदाज येतो.

आणि आता ती पित्ताची कॅप्सूल. तू ती जाता जाता लिहिलीस पण मी तिथेच थांबले. स्ट्रिप उलटी करून आतलं नाव वाच. आपल्याकडे पित्तासाठी ज्या कॅप्सूल सर्रास देतात त्यातल्या कितीतरींमध्ये पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलबरोबर लिव्होसल्पिराइड नावाचं औषध असतं. ते डोपामिन अडवतं आणि रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढवतं, हे बाळाला पाजताना वाढतं तेच. ते वाढलं की इच्छा जाते, कोरडेपणा येतो, पाळी मागेपुढे होते, कधी पाजत नसतानाही छातीतून दुधासारखं पाणी येतं आणि बाई घाबरून जाते की गाठ-बिठ आहे का. लोक ही कॅप्सूल महिनोन्महिने घेत राहतात कारण कुणी थांबवायला सांगत नाही, फॅमिली डॉक्टरला वाटतं मोठे डॉक्टर बघतायत आणि मोठ्या डॉक्टरांना ती चालू आहे हेच माहीत नसतं. तुझ्या स्ट्रिपवर हे नाव निघालं तर फॅमिली डॉक्टरना विचार की याऐवजी साधी पित्ताची गोळी चालेल का, आणि मुळात अजून लागते का. पाळीत बदल झालाय का तेही बघ. प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड या दोन्ही साध्या रक्ताच्या तपासण्या आहेत, प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्या उठल्या धावपळीत देऊ नको, उठून दोनेक तास झाल्यावर शांतपणे बसून दे, नाहीतर आकडा उगाच वर दिसतो. नाव नाही निघालं तर उत्तमच, एक संशयित कमी झाला.

रात्रीची क्लोनाझेपामही यात थोडी भर घालते. ती सुस्त करते, अंग ढिलं पाडते, आणि रात्री दहाला गोळी घेऊन साडेदहाला कुणाला काय सुचणार? ती अजून लागते का हे डॉक्टरना विचारायचंच, पण तीही स्वतःहून बंद करायची नाही, रोज घेणाऱ्याने एकदम सोडली की झोप उडते, घाबरं होतं, क्वचित फिटही येते. हळूहळू उतरवायची असते. बीपी-शुगरचं किंवा गर्भनिरोधक काही चालू असेल तर तेही सांग.

डॉक्टरांकडे जाताना एक चिठ्ठी लिहून ने. तोंडातून शब्द फुटत नसतील तर चिठ्ठीच पुढे सरकव, अनेकजणी असंच करतात आणि काही बिघडत नाही. त्यात एवढंच: 'मला गोळीने मूड चांगला आहे. अमुक महिन्यापासून इच्छा होत नाही, स्पर्श जाणवत नाही, ऑरगॅझम येत नाही, याचा मला त्रास होतोय. मी मध्ये शुक्रवार-शनिवार गोळ्या चुकवल्या आहेत. बाकी ही औषधं चालू आहेत. याच्यावर उपाय काय करता येईल?' चुकवल्याचं लपवू नकोस, नाहीतर त्यांना वाटेल डोस पुरत नाहीये आणि नको तिकडे गाडी जाईल. 'त्रास होतोय' हे शब्द मात्र लिहीच, कारण 'थोडंसं ते होतं' म्हटलं की डॉक्टर सोडून देतात.

ते काय काय करू शकतात हे तुला आधी माहीत असलेलं बरं. नुसती वाट बघणं हा एक रस्ता आहे, काहीजणांचं काही महिन्यांत आपोआप सुधारतं, पण बहुतेकांचं नाही, आणि तू वाट बघून झालीयस असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. मग डोस. तू २० वर आहेस, तो या गोळीचा नेहमीचा वरचा टप्पा आहे, तब्येत इतके महिने स्थिर असेल तर १५ किंवा १० वर आणून बघता येतं का ते डॉक्टर ठरवतील. तुझ्या केसमध्ये मला स्वतःला ही चर्चा आधी व्हावीशी वाटते, पण मी समुपदेशक आहे, गोळ्यांचा हिशोब करणारी नाही, आणि तुझा आजार किती खोल होता हे त्यांनी पाहिलंय.

तेही जमलं नाही तर औषध बदलणं. सगळी अँटीडिप्रेसंट या बाबतीत सारखी नसतात हे लोकांना माहीतच नसतं. बुप्रोपिऑन सेरोटोनिनच्या वाटेला जात नाही, त्यामुळे हा त्रास फार कमी, काहीवेळा ते चालू गोळीच्या जोडीलाही देतात. पण फिट येण्याचा इतिहास असेल किंवा खाऊन उलट्या काढण्यासारखा खाण्याचा आजार असेल तर ते चालत नाही, आणि ज्यांना मुळात घबराटीचा त्रास आहे त्यांची झोप आणि बेचैनी वाढू शकते. मिर्टाझापिननेही त्रास कमी होतो पण भूक आणि वजन वाढतं, झोप येते, सकाळी साडेसातची शाळा असणाऱ्या बाईने हे आधी विचारून घ्यावं. वॉर्टिऑक्सेटिन नवीन आहे, चांगली चालणारी गोळी फक्त या त्रासामुळे बदलावी लागलेल्यांवर त्याचा अभ्यास झालाय आणि फायदा दिसलाय, पण महाग पडतं, महिन्याचा खर्च आधीच विचार. बदलताना काही आठवडे जुनी उतरते नवी चढते असं चालतं, त्या काळात मूड जरा हलतो, तेव्हा मुलांच्या वार्षिक परीक्षा आणि पेपर तपासणीच्या गर्दीत हे सुरू करू नकोस.

सिल्डेनाफिलचंही सांगते, कारण नवरा कुठेतरी वाचेलच. हो, तीच पुरुषांची निळी गोळी. २००८ मध्ये अमेरिकेत ९८ बायकांवर अभ्यास झाला, सगळ्या अशाच गोळ्यांमुळे त्रासलेल्या, आणि सिल्डेनाफिलने ऑरगॅझमच्या बाबतीत फरक पडला, इच्छेत मात्र विशेष नाही. बायकांसाठी ती मान्यता मिळालेली गोळी नाही, डॉक्टर विचार करून देऊ शकतात, पण मेडिकलमधून आणून आपल्या मनाने घ्यायची नाही. घरात कुणी हार्टसाठी जिभेखालची गोळी घेणारं असेल तर त्यांच्या औषधांच्या डब्याजवळही ती ठेवायची नाही, त्या दोघी एकत्र पोटात गेल्या तर बीपी जिवावर बेतेल इतका खाली येतो.

तुझे डॉक्टर याही वेळी 'एक मूल आहे ना' म्हणाले तर डॉक्टर बदल. खरंच. कागद तुझे आहेत, फाईल घे आणि सांगली-मिरज-कोल्हापूरकडे सायकिअॅट्रिस्ट कमी नाहीत, फोनवर आधी विचार की लेडी डॉक्टर आहेत का. यात अपमान वगैरे काही नाही.

आता घरचं. नवऱ्याला काय सांगू हा तुझा शेवटचा प्रश्न होता आणि तुझ्या मनात तोच पहिला आहे असं वाटतं मला. बघ, ज्या माणसाने तुला आजारात सायकिअॅट्रिस्टकडे नेलं, आपल्याकडे किती नवरे नेतात, तो माणूस हे ऐकून घेईल अशी शक्यता बरीच आहे. तो चिडलेला नाहीये, घाबरलाय. त्याला वाटतंय आपण नकोसे झालो. म्हणून सुरुवात तिथून कर, आणि अंथरुणात नको, दिवे घालवल्यावर तर अजिबात नको, दोघंच गाडीवरून कुठे जाताना किंवा संध्याकाळी चालायला गेल्यावर बोल. असं काहीतरी: 'तुझ्यावरचं मन उडालेलं नाहीये. माझ्या गोळीने माझं अंग बधिर झालंय, हे या गोळीने होतं, मी वाचलंय, आणि त्याच्यावर उपाय आहे. मला हे परत हवंय, माझ्यासाठी पण. पुढच्या वेळी डॉक्टरकडे तू पण चल.' तुझ्या भाषेत बोल, माझी वाक्यं पाठ करू नकोस, तो लगेच ओळखेल.

नाटकाचं काय करायचं? 'इतके दिवस मी खोटं करत होते' अशी कबुली द्यायची काही गरज नाही, त्याने तो उगाच मागच्या सगळ्या रात्री मोजत बसेल. फक्त इथून पुढे करू नकोस. तू खोटं केलंस की त्याला वाटतं आपण करतोय ते बरोबर चाललंय आणि तो तेच करत राहतो, तुला लागतं त्याच्या उलट. 'आज नाही होणार, पण जवळ झोप' एवढं वाक्य पुरतं. नाही झालं तरी संबंध वाया गेला असं नसतं हे त्यालाही कळू दे.

गोळी बदलेपर्यंतच्या काळासाठी एक जुना आणि चांगला उपाय आहे, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने साठ-सत्तरच्या दशकात बसवलेला, सेक्स थेरपीत अजून वापरतात. काही आठवडे संभोग बंदच. दोघांनी ठरवूनच बंद. त्याऐवजी आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटं नुसता स्पर्श, आधी पाठ, हात, पाय, केस, छाती आणि खालची जागा सुरुवातीला पूर्ण वगळून, पुढच्या आठवड्यांत हळूहळू तिकडे, आणि ज्याला स्पर्श होतोय त्याने फक्त कुठे बरं वाटतं कुठे नाही ते सांगायचं. ऐकायला शाळेतल्या प्रकल्पासारखं वाटतं, माहितीये. पण 'आता व्हायलाच पाहिजे' हे ओझं उतरलं की बोथट झालेल्या अंगालाही बरंच काही जाणवायला लागतं, आणि कुठे किती जोर हवा हे बदललेलं असतं ते नव्याने कळतं. आता तुला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणार आणि जास्त थेट स्पर्श लागणार, त्याच्या हाताने किंवा तुझ्या, नुसत्या आत-बाहेर करण्याने बहुतेक बायकांचं एरवीही होत नाही, गोळीवर तर नाहीच. व्हायब्रेटर वापरायला हरकत नाही, ऑनलाइन मसाजर म्हणून मिळतात, पार्सल घरी कोण उघडतं एवढं मात्र बघ.

वेळ ठरवून करा. आधीच ठरवलं तर त्यात मजा काय असं लोक म्हणतात, पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी तुझ्यासारख्याच ५२ बायकांवर अभ्यास केला, त्यात आठवड्यात नियमित वेळ ठरवल्यानेच ऑरगॅझममध्ये सुधारणा दिसली, आणि जवळ येण्याच्या लगेच आधी अर्धा तास घाम येईल असा व्यायाम केला तर इच्छाही वाढली. व्यायामाने शरीर आधीच जागं झालेलं असतं म्हणून. आता एका खोलीच्या भिंतीपलीकडे सासूबाई असताना दोरीच्या उड्या मारायच्या म्हणजे अवघड आहे, पण रविवारी त्या देवळात जातात का, मुलगी नणंदेकडे किंवा क्लासला असते का, ती वेळ पकड. भर दुपार असली तरी चालेल, उलट दुपारीच बरं, रात्री तू क्लोनाझेपाम घेऊन अर्धी झोपलेली असतेस. भरभर जिने चढून-उतरून ये, नाहीतर घरात गाणी लावून नाच. रविवार आता गरगरण्यात जाणार नाही, म्हणजे तो मोकळाच आहे की.

कोरडेपणासाठी मेडिकलमध्ये पाण्याचं बेस असलेलं लुब्रिकंट मिळतं, जेलीसारखं, नाव सांगून माग आणि मेडिकलवाल्याकडे बघत बसू नको. खोबरेल तेल अनेकजणी वापरतात, पण कंडोम वापरत असाल तर नको, तेलाने लॅटेक्स फाटतं.

कायमची अशी राहशील का? बहुतेक सगळ्यांचं डोस कमी केला, औषध बदललं किंवा पुढे रीतसर बंद झालं की पूर्वीसारखं होतं. थोड्या लोकांचा त्रास मात्र गोळी बंद झाल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत, २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी तशी सूचना या गोळ्यांच्या माहितीपत्रकात घालायला लावली. हे मी तुला लपवून ठेवू शकले असते, पण तू कधीतरी रात्री मोबाइलवर शोधशील आणि घाबरून सगळ्या गोळ्या एकदम फेकून देशील, त्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. ते क्वचित होतं, आणि तुझ्याकडे तर अजून एकही उपाय करून झालेला नाहीये.

राहिलं चूर्ण. नवऱ्यावर रागावू नकोस, त्याच्या परीने तो प्रयत्न करतोय. पण घेऊ नकोस. ताकद, जोश, इच्छा असल्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये ऍलोपॅथीच्या गोळ्या, सिल्डेनाफिलसुद्धा, गुपचूप मिसळलेल्या अनेकदा सापडल्या आहेत, आणि डब्यावर त्याचा उल्लेख नसतो. लैंगिक सुख वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वे रुळांच्या भिंतींपासून तुझ्या मोबाइलपर्यंत काय काय दिसतं ते तू बघतेसच. नियमाने बनवलेल्या, घटक छापलेल्या आयुर्वेदिक औषधाबद्दलही मेंदूवर काम करणारी गोळी चालू असताना डॉक्टरला विचारूनच. डबा चिठ्ठीबरोबर पिशवीत टाक आणि तिथे दाखव, बाहेर घटकांची यादी आणि कंपनीचा परवाना नंबरच नसेल तर तिथपर्यंत न्यायचीही गरज नाही, सरळ कचऱ्यात.

कॅप्सूलच्या मागे काय नाव निघालं आणि रक्ताचा रिपोर्ट काय आला ते कळव.